पाच मिनिटांची मुभा

पुंता अरेनासच्या आमच्या मासळी-कंपनीत
तीन कुळांची यंत्रं नांदत होती.
हिशेबाच्या खोलीत विंडोज,
डब्यांवरची लेबलं काढणाऱ्या ओरिएत्ताकडे मॅक,
आणि गोदामात, तराजूशेजारी,
खवल्यांनी चकाकणारं एक जुनं लिनक्स.
एकमेकांत बोलणं नाही.
दर दाराला निराळा परवलीचा शब्द.

एलेउतेरिओ चिग्वाय यांच्याकडे असे सात शब्द होते,
टोपीच्या आत, घामाच्या पट्टीवर, बॉलपेनानं लिहिलेले.
सातवा पुसट.
"यास्ना, पोरी, बर्फघराचा काय गं?"
आठवड्यातून एकदा तरी.

सगळा जानेवारी, बाहेर लोक उन्हात वाऱ्याशी भांडत असताना,
मी तळघरात एका तिऱ्हाइताला उभं करत होते:
एक सर्व्हर, ज्याच्यावर तिघांचाही भरवसा बसेल.
सकाळी एकदा त्याच्यापुढे आपली ओळख पटवायची.
तो दहा तासांची चिठ्ठी देतो.
मग चिठ्ठी दाखवत खुशाल फिरावं
या दारातून त्या दारात.
शब्द कुणालाच द्यायचा नाही.
शब्द तारेवरून जातसुद्धा नाही.

"म्हणजे जामीन," चिग्वाय म्हणाले.
"आमच्या बेटावर माझा बाप असाच उभा राहायचा
दुकानदारापुढे, दुसऱ्यांच्या पिठासाठी.
मग या सातांतला कुठला ठेवू?"
एकही नाही, मी म्हटलं. आठवा शोधा, लांबलचक.
ते पाठमोरे झाले.
एका बोटानं टिपत राहिले, ओठ हलत होते,
मी खिडकीबाहेर बघत होते.
तिन्ही यंत्रं उघडली.
त्यांनी टोपीतली पट्टी कात्रीनं कापली
आणि शेगडीत टाकली. घामाचा वास आला, मग नुसता धूर.

एप्रिलचा पहिला शनिवार.
रात्री, वर उत्तरेला, पुएर्तो मोंतमध्ये
घड्याळं तासभर मागे गेली.
आमच्याकडे नाही जात. आम्ही दक्षिणेचे, आमची वेळ आमची.

सोमवारी गोदामाचं यंत्र कुणालाच ओळखेना.
मलाही नाही.
चिठ्ठ्या खऱ्या, सही खरी, शब्द खरे,
तरी नकार, आणि नकाराखाली एकच ओळ:
घड्याळांत फार अंतर.
पाच मिनिटांची मुभा असते.
त्याहून जुनी चिठ्ठी कुणी चोरलेलीही असू शकते,
म्हणून यंत्र दार लावून घेतं.
हे मीच त्याला शिकवलं होतं.

कुणी हात लावला?
तराजूवर बर्फ वितळत होता.
चिग्वाय यांनी टोपी काढली.

मुलगी पुएर्तो मोंतला, नोल्फा,
इस्पितळाच्या धोबीखान्यात.
पाळीवर जाण्याआधी, साडेसातला, इथल्या फोनवर बोलते.
तिचे साडेसात म्हणजे आपले किती,
या हिशेबात गेल्या वर्षी दोनदा फोन हुकला.
दुसऱ्यांदा ती काही तरी सांगणार होती,
नंतर म्हणाली, राहू दे आता.
"म्हणून यंत्राला तिच्या वेळेत बसवलं," ते म्हणाले,
"दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर तेच असतं."

त्या घड्याळाला मी कुलूप लावलं नव्हतं.
चूक माझी. अहवालात तशीच लिहिली,
कारणाच्या रकान्यात फक्त: हाताने बदल.

एक आज्ञा दिली, काटे जागेवर आले,
दारं पुन्हा ओळख देऊ लागली.
मग स्वयंपाकघरातलं गॅसवाल्याच्या जाहिरातीचं घड्याळ उतरवलं,
ओरिएत्ताच्या माउसमधला सेल काढला
(ती अजून मला शिव्या देते),
तासभर मागे लावून
ते तराजूच्या वर, खिळ्याला टांगलं.

चिग्वाय बराच वेळ बघत राहिले.
"हे कुणाला विचारून चालतं?"
कुणालाच नाही.

त्यात सात वाजून चोवीस झाले होते.
त्यांनी खोका तराजूवरून खाली ठेवला,
एप्रनला हात पुसले,
आणि फोनपाशी जाऊन उभे राहिले.